शिकणाऱ्यांचा पाठीराखा राजा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला मार्क तर चांगले पडले, पण पुढचं काय? फी कुठून आणायची, शहरात राहायची-जेवायची सोय कोण करणार? आमच्या कळंब्याच्या मुली बसमध्ये बसल्या की अर्ध्या तासात कोल्हापूरच्या कॉलेजात पोहोचतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच अंतर खेड्यातल्या पोरासाठी विलायतेएवढं लांब होतं. ते अंतर कमी करणाऱ्या राजाची ही गोष्ट. मैत्रिणींनो, राजर्षी शाहू महाराजांचं नाव आपण रोज घेतो, पण शिकणाऱ्यांच्या पाठीशी ते कसे उभे राहिले, ते आज जरा नीट बघूया.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. आई लवकर गेली. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. राजकोटचं ते कॉलेज राजपुत्रांचं. तिथं फीची चिंता नव्हती की जेवणाची. आपल्याला जे आपसूक मिळालं, ते रयतेच्या लेकरांना का मिळू नये, हा विचार मात्र सगळ्याच राजपुत्रांना सुचला नाही. शाहू महाराजांनी त्यावर आयुष्य खर्ची घातलं.

१८९४ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की नुसती शाळा काढून भागत नाही. पोराला रात्री डोकं टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली, तरच ते शिकतं. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांना खुलं वसतिगृह निघालं, पण त्याचा लाभ बहुतेक एकाच वर्गातल्या मुलांना होऊ लागला. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, लिंगायत बोर्डिंग अशी वसतिगृहांची माळच लागली. जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली आणि हजारो गरीब मुलांना आसरा दिला. एका दिव्यानं दुसरा दिवा लागतो, तो असा!

आता आपल्या बायकांच्या गोष्टीकडे येऊ. संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाची देखरेख महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपवली. त्या काळी एका बाईला अधिकारी नेमायचं म्हणजे केवढं धाडस! त्यांची लेक कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकली आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. महाराजांनी तिला कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमलं आणि पुढच्या शिक्षणासाठी संस्थानाच्या मदतीनं परदेशी पाठवलं. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. पुरुष डॉक्टरला हात दाखवायला लाजणाऱ्या बायकांना तिथं आपली बाई डॉक्टर मिळाली.

दुसऱ्याच्या लेकीला शिकवणं एक वेळ सोपं असतं हो, खरी परीक्षा स्वतःच्या घरात होते. १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांची पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची. राजघराण्यातली बालविधवा म्हणजे पडद्याआडचं आयुष्य ठरलेलं. पण सासऱ्यांनी पोरक्या झालेल्या सुनेच्या हाती पाटी दिली. सोनतळीला तिच्यासाठी शिक्षणाची सोय केली, एकटी पडू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुली सोबतीला ठेवल्या. सुनेनं डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा होती. घरच्यांची नाराजी त्यांनी मनावर घेतली नाही.

१९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड! त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला आणि १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्धचा कायदा.

तरुण भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले होते. नंतर लंडनचं शिक्षण पैशाअभावी अर्धवट राहिलं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी सर्वांसमोर त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. नोकरीतली शिल्लक, नवल भथेना या मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या शिदोरीवर. तिकडे पैसे संपत आले, तेव्हाही त्यांनी हक्कानं महाराजांनाच पत्र लिहिलं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले ते १९२३ मध्ये. इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या १९२५ मध्ये. डॉक्टर होणं राहून गेलं, पण पुढे त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं मोठं काम उभं केलं. लावलेल्या या दोन्ही झाडांची फळं महाराजांना बघायला मिळाली नाहीत.

आपल्याकडे संस्थानचा खजिना नाही, खरंच. पण बचत गटातून एखाद्या मुलीची फी भरणं, शहरात शिकायला आलेल्या भाचीला आपल्या दोन खोल्यांत जागा देणं, विधवा सुनेला पुन्हा कॉलेजचा फॉर्म आणून देणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? फळ आपल्या डोळ्यांनी दिसेलच असं नाही. पण घरातली एक मुलगी शिकली, की तिच्यामागून येणाऱ्या चौघींची वाट सोपी होते.