हाफकिन साहेब आणि प्लेगची लस

प्लेगच्या दिवसांच्या गोष्टी अनेक गांवीं वडील माणसांनीं पुढील पिढीस सांगितल्या आहेत. परंतु त्या रोगावर ज्यांनीं मुंबईंत लस तयार केली, त्यांचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून तें आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. यहूदी असल्यामुळें स्वदेशांत त्यांस पुढें येण्यास वाव मिळाला नाहीं. १८८९ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत त्यांनीं ग्रंथपालाचें साधें काम पतकरलें व उरलेला वेळ जंतूंच्या अभ्यासांत घालविला. १८९२ सालीं त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली आणि ती प्रथम आपल्याच अंगांत टोचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रगट झाला. ऑक्टोबरांत हाफकिन साहेब तेथें पोहोंचले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावरच त्यांनीं कामास आरंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांत ते प्लेगचे जंतू वाढवीत, व नंतर उष्णतेनें ते मारीत. ही मेलेल्या जंतूंची लस त्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोचून घेतली. ताप आला, पण अपाय झाला नाहीं. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी आपखुषीनें पुढें आले, त्यांस ती दिली. आणि लस घेतलेल्यांत रोगाचें प्रमाण पुष्कळ कमी दिसून आलें.

येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. रोगाशीं झगडण्याचें बळ दोन प्रकारचें असतें. एक स्वकष्टाचें: रोग होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर शरीर तें स्वतः कमावतें. त्यास कांहीं दिवस लागतात, पण तें दीर्घकाळ टिकतें. दुसरें उसनें: तें आईपासून तान्ह्या बाळास मिळतें, किंवा दुसऱ्याच्या रक्तरसांतून टोचून दिलें जातें. तें तत्काळ उपयोगीं पडतें, पण लवकर सरतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या खोल चाव्यावर दोन्ही देतात, तें याच कारणानें. हाफकिनांची लस पहिल्या प्रकारची होती. म्हणून ती निरोगी मनुष्यानें रोग येण्यापूर्वींच घ्यावयाची होती. तापानें पडलेल्यास ती औषध नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं, आतां पाकिस्तानांत असलेल्या पंजाबांतील मुलकोवाल गांवीं, १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मृत्यु पावले; इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस तसें कांहीं झालें नाहीं. दोष हाफकिनांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. वास्तविक ती बाटली उघडण्याचा चिमटा गांवांतच जमिनीवर पडला होता. सर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांचा पक्ष घेतला, आणि १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास पुन्हां कामावर आले, परंतु गेलेलीं वर्षें परत आलीं नाहींत. १९२५ सालीं परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचा अंत झाला.

आज प्लेगवर वेळींच दिल्यास गुणकारी औषधें आहेत, व त्याची लस सर्वांस देत नाहींत. परंतु ज्या धनुर्वातानें ते १९ जीव नेले, त्यावर आतां लस आहे. ती जंतूंची नव्हे, तर त्यांच्या निर्दोष केलेल्या विषाची असते. ती तान्ह्या बाळांस, मुलांस पुन्हां दहाव्या व सोळाव्या वर्षीं, आणि प्रत्येक गरोदर स्त्रीस द्यावयाची असते. क्षयाची व गोवराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. ती बालकांस द्यावी, गरोदर स्त्रीस देऊं नये, आणि ज्याची रोगप्रतिकारशक्ति फार क्षीण झाली आहे त्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें.

टोचणारी बाई गांवांत येईल तेव्हां सुई नवी व हात स्वच्छ आहेत हें अवश्य पाहावें. पण भयानें दार लावून घेऊं नये. मुलकोवालचा दोष लसीचा नव्हता, निष्काळजीपणाचा होता. हा भेद न कळल्यामुळें एका सज्जनास पांच वर्षें कलंक सोसावा लागला. तोच भेद न कळल्यामुळें आपलीं लेंकरें रोगास बळी पडूं नयेत.