नारायण शेषाद्री

रेव्हरंड नारायण शेषाद्री (मृत्यू : इ.स. १८९१) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि जालन्याजवळील बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचे संस्थापक होते. मराठवाड्यातील ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

शिक्षण व धर्मांतर

शेषाद्री यांचा जन्म ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. विल्सन व नेस्बिट हे दोघेही नव्या चर्चमध्ये गेल्याने मुंबईतील शिक्षणकार्याची घडी त्यांना पुन्हा बसवावी लागली. शेषाद्री यांचे पुढील सर्व कार्य या फ्री चर्चच्या मिशनमध्ये झाले.

श्रीपत शेषाद्री प्रकरण

नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत त्या वेळी सुमारे १२ वर्षांचा होता. तो मिशनऱ्यांकडे राहू लागल्यावर वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांकडे अन्नग्रहण केलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला. सनातन्यांनी त्यास तीव्र विरोध केला. मुलाच्या धर्माचा निर्णय कोणी करावा आणि शाळेने त्यात कोठवर जावे, हे प्रश्न या प्रकरणामुळे महाराष्ट्रात जाहीरपणे चर्चिले गेले.

जालना व बेथेल

आजच्या जालना जिल्ह्यातील जालना, जाफराबाद इत्यादी मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इ.स. १८६० च्या दशकात शेषाद्री यांनी जालन्यास कार्य सुरू केले. त्यांच्या मंडळीत मुख्यतः मांग व महार समाजांतील कुटुंबे होती. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसविले. या हिब्रू नावाचा अर्थ देवाचे घर असा आहे. तेथे घरे, शेती, उपासनामंदिर व शाळा यांची सोय करण्यात आली.

मुलांचे धर्मशिक्षण

प्रेस्बिटेरियन परंपरेत तान्ह्या मुलास आईवडिलांच्या वचनावर बाप्तिस्मा देतात आणि त्याला धर्माची ओळख करून देण्याचे दायित्व घर व मंडळी या दोहोंवर असते. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी घरोघरी प्रश्नोत्तरावली व बायबलवाचन यांची जुनी वहिवाट होती. जालन्याकडील नवख्रिस्ती कुटुंबांत ती नव्हती आणि बहुतेक पालकांना अक्षरओळखही नव्हती. त्यामुळे घराने करावयाचे काम प्रथम शाळेकडे आले. मराठी लिहिणे-वाचणे आणि बायबलचे ज्ञान ही दोन्ही मुलांना एकत्र मिळू लागली. जातीमुळे ज्यांना गावच्या शाळेत प्रवेश नव्हता, त्यांच्या दृष्टीने हे अक्षरज्ञान धर्मशिक्षणाइतकेच मोलाचे होते. श्रीपतच्या प्रकरणात शाळा आणि वडील परस्परविरोधी उभे राहिले होते; बेथेलमध्ये मुले व पालक एकाच मंडळीचे घटक होते.

मृत्यू व वारसा

कार्याला साहाय्य मिळविण्यासाठी शेषाद्री यांनी परदेश प्रवास केले. इ.स. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते. इ.स. १८९१ मध्ये सागरी प्रवासात त्यांचे निधन झाले. फ्री चर्च इ.स. १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्चमध्ये आणि ते १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले. इ.स. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.