बाबूराव पेंटर

नाटकाची घंटा झाली, की दर्शनी पडदा वर जाई आणि मागचा रंगवलेला पडदा दिसू लागे. कधी राजवाडा, कधी अरण्य, तर कधी सागरतीर. ‘संगीत सौभद्र’ नाटकाचे कथानक द्वारकेत घडते. समुद्राकाठची ती नगरी घाटावरच्या गावात उभी करायची, तर कापड आणि रंग यांवाचून दुसरे साधन नव्हते. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, अशा कित्येकांना तो प्रथम भेटला असेल, तो अशा पडद्यावरच.

असे पडदे रंगवण्यात कोल्हापूरच्या दोघा भावांचा हातखंडा होता. त्यांपैकी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी झाला. घरात कारागिरीची परंपरा होती. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. १९१० ते १९१६ या काळात अनेक नाटक मंडळ्यांचे पडदे या दोघांनी रंगवले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. जवळून पाहिले, तर पडद्यावर नुसते रंगांचे फराटे दिसतात. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला मात्र त्यात खोली भासली पाहिजे. जवळचे गडद, दूरचे फिकट. क्षितिजाची रेषा चुकली, की समुद्र भिंतीसारखा उभा राहतो! शिवाय मंडळी गावोगाव फिरणार. म्हणून पडदा वारंवार गुंडाळला, तरी रंगाचे पोपडे निघता कामा नयेत.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि हलत्या चित्रांनी या भावांना झपाटले. आनंदरावांनी स्वतः कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. परंतु तो पुरा होण्यापूर्वीच, १९१६ मध्ये, त्यांचे निधन झाले. बाबूरावांवर हा मोठाच आघात होता. तरीही त्यांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा १९१८ साली पूर्ण केला. चित्रपट कंपनीसाठी लागणारे द्रव्य गायिका तानीबाई कागलकर यांनी दिले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

‘सैरंध्री’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला, की सरकारने तो भाग कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

याच काळात त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. रंगभूमीवर खपून जाणारा पडदा कॅमेऱ्यापुढे उघडा पडतो. त्याची सुरकुती दिसते, नटाची सावली रंगवलेल्या आकाशावर पडते. म्हणून ज्या विद्येवर त्यांचे नाव झाले होते, तीच बाजूला ठेवून त्यांनी लाकूडकामाची घरे आणि दालने उभारली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्याची झोपडी त्यांनी दाखवली. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. देवादिकांच्या कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्या चित्रपटाला फारसा प्रतिसाद दिला नाही.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आदी शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ ही संस्था स्थापन केली. पुढे बाबूरावांची कंपनी बंद पडली. त्यानंतर त्यांनी काही बोलपट केले. कुंचला आणि छिन्नी यांची सोबत होतीच. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. मेस्त्री हे आडनाव तोवर मागे पडले होते; लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखत.