विश्लेषण : जरीकाठ, सूट आणि पांढरी साडी… बाबासाहेबांनी पेहरावाचे नियम कसे मोडले?

कुडवा (जि. गोंदिया) : अशोक विजयादशमी जवळ आली की गोंदियाहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे दिसू लागतात. दीक्षाभूमी इथून रेल्वेने साधारण १३० किलोमीटरवर. चौकातल्या पुतळ्यात मात्र बाबासाहेब निळ्या सुटात, टाय लावून उभे असतात. हे दोन पेहराव आज इतके ओळखीचे झाले आहेत की त्यांच्यामागचा झगडा विसरायला होतो. गेल्या शंभर वर्षांत कपडे कसे बदलले, हे सांगताना गिरण्या, सिनेमा आणि बाजार यांची नावे घेतली जातात. पण समाजातल्या मोठ्या वर्गाला काय घालायचे, यापेक्षा काय घालायचे नाही, हेच आधी ठरवून दिलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य या नियमांशी वारंवार भिडले.

कपड्यांवर बंधने कोणती होती?

बंधने लेखी क्वचितच असत, पण गावात ती सर्वांना पाठ असत. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात फलटण भागातील आठवणी लिहिल्या आहेत. महार स्त्रीने लुगडे नेसताना काठ निऱ्यांच्या आत दडवायचे, ते बाहेर दिसता कामा नयेत, असा तिथला रिवाज होता. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढावे लागले. १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली तेव्हा कुठे त्यांना मोकळीक मिळाली.

इंदूर भागातील बलाई समाजाचे उदाहरण बाबासाहेबांनी स्वतः १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या प्रसिद्ध निबंधात दिले. तिथल्या काही गावांतील सवर्णांनी फर्मान काढले होते : बलाई पुरुषांनी जरीकाठी पगडी आणि रंगीत काठाचे धोतर वापरू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ज्यांनी हे मानले नाही त्यांचे पाणी आणि वाट बंद करण्यात आली.

विदर्भात तर याला आणखी एक कडवट बाजू होती. नागपूर-भंडारा पट्ट्यात जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय होता. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर यातले अनेक हात गिरणीत गेले. कापड यांच्या हातचे होते, पण ते कसे नेसायचे हे दुसरे ठरवत.

लहानपणी मसूर स्थानकावर काय घडले?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पुढे कुटुंब साताऱ्यात राहायला आले. शाळेत बसायला भीमराव स्वतःचे गोणपाट घेऊन जात आणि परत घरी आणत. पैसे देऊनही परीट त्यांचे कपडे धुवत नसे आणि न्हावी केस कापत नसे. दोन्ही कामे बहिणी करत.

१९०१ मध्ये सुटीत भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. प्रवासासाठी खास खरेदी झाली : विलायती पद्धतीचे सदरे, चकाकणाऱ्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे. मसूर स्थानकावर न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तरने ती ब्राह्मणांची असावीत असे समजून आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊनच बैलगाडी मिळाली. तीही मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर. वाटेत पाणी मिळाले नाही.

चांगला कपडा काही मिनिटे मान मिळवून देतो, पण जात उघड झाली की तो मान टिकत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळले.

परदेशातून परतल्यावर तरी फरक पडला का?

नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी उतारखान्यात गेले. तिथेही अंगावरच्या कपड्यांनीच घात केला. कोट सैल केल्यावर आत पारशी लोकांचा सदरा आणि कमरेची पवित्र कस्ती नाही, हे तिथल्या माणसाला दिसले. पारशी नाव नोंदवून राहण्याची तडजोड झाली, पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले.

महाडमध्ये स्त्रियांना काय सांगितले?

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. याच वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जडशीळ चांदी-कथलाचे दागिने पाहूनच तुमची जात ओळखली जाते. ही खूण पुसा, असा त्यांचा आग्रह होता. लुगडे इतर स्त्रियांसारखे पायघोळ नेसावे. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ हवा. मुलींना शाळेत घालावे, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. परिषदेसाठी आलेल्या अनेक जणींनी तिथेच नेसण्याची तऱ्हा बदलली. महाडमधील सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना मदत केली.

नेसण्यातला हा बदल म्हणजे वरच्या जातींचे अनुकरण नव्हे का, असा आक्षेप घेतला जातो. मात्र काठ दडवणे हीच जिथे सक्ती होती, तिथे काठ दिसू देणे ही अवज्ञा होती. गावात परतल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे त्या बायकांना ठाऊक होते.

मग स्वतःसाठी सूटच का?

सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते त्याच वेशात होते आणि बाबासाहेब सुटात. गांधीजींच्या पंच्यात गरिबांशी एकरूप होणे होते. पण ज्यांच्यावर अपुरा कपडा पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला, त्यांच्या पुढाऱ्याने कपडे कमी केले असते तर त्यातून नवे काही सांगितले गेले नसते. बॅरिस्टरचा सूट गावगाड्यातल्या कोणत्याच जातीच्या नावावर नव्हता. तो शिक्षणाने मिळत होता. त्यामुळे पाहणाऱ्याला तो आपल्या मुलाच्या अंगावरही कल्पिता येत होता.

विदर्भाशी हे नाते कसे जुळले?

जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली. त्यासोबत भरलेल्या महिला परिषदेला हजारो स्त्रिया आल्या. तिथेही बाबासाहेबांनी स्वच्छता आणि मुलींचे शिक्षण हेच विषय घेतले. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढवली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. देशाचा माजी कायदामंत्री त्या निवडणुकीत हरला.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी त्यांच्या अंगावर सूट नव्हता. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. अनुयायीही शुभ्र वस्त्रांत आले. पांढरी साडी ही विधवेची खूण मानणाऱ्या समाजात सवाष्ण बायका ती नेसून उभ्या राहिल्या. आज बौद्ध विवाहात वधू पांढऱ्या साडीत दिसते, तिची सुरुवात इथे आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले.

आता हा विषय संपला का?

आता कुडव्यातली मुलगी पाचवारी, सलवार-कमीज की जीन्स, हे स्वतः ठरवू शकते. तिच्या पणजीला काठाचीही मुभा नसेल. तरीही अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती करताना संसदेला एक तरतूद घालावी लागली : सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून कोणाला अडवणे हा गुन्हा आहे. ती जानेवारी २०१६ पासून लागू आहे. मसूर स्थानकावरच्या त्या मुलांच्या नव्या कपड्यांना कायद्यात जागा मिळायला ११४ वर्षे लागली.