विश्लेषण : रात्रपाळी नको म्हणून डॉक्टरकीऐवजी इंजिनीअरिंग… कोण होत्या ए. ललिता?

मद्रासमधील ए. ललिता यांना १९३७ मध्ये मुलगी झाली. मुलगी चार महिन्यांची असतानाच पतीचे निधन झाले. ललिता तेव्हा जेमतेम १८ वर्षांच्या होत्या आणि शिक्षण दहावीपर्यंतच झाले होते. मात्र १९४३ मध्ये त्या पदवीधर इंजिनीअर झाल्या. भारतातील पहिल्या महिला विद्युत अभियंता म्हणून आज त्यांची ओळख आहे. त्या या क्षेत्राकडे कशा वळल्या, याचे उत्तर त्यांच्या लहानग्या मुलीच्या दिनक्रमात सापडते.

डॉक्टर का झाल्या नाहीत?

ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ चा. तेलुगू कुटुंब, सात भावंडांत पाचव्या. १५ व्या वर्षी लग्न झाले. वैधव्य आल्यावर पुन्हा लग्न न करता स्वतःच्या पायावर उभे राहायचे त्यांनी ठरवले. क्वीन मेरीज कॉलेजातून त्या इंटरमीजिएट प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्या.

त्या काळी शिकलेल्या मुलींसाठी वैद्यकीचा मार्ग खुला होता. पण डॉक्टरला मध्यरात्रीही बोलावणे येते. घरी तान्हे मूल ठेवून तसे जाणे ललिता यांना नको होते. ठरावीक वेळेत संपणारे काम हवे होते. वडील पप्पू सुब्बा राव गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचेच प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, शिक्षण संचालकांची परवानगी मिळवली आणि मुलांच्या त्या कॉलेजात पहिली मुलगी दाखल झाली.

शिकताना मुलीला कोण सांभाळायचे?

ललिता वसतिगृहात राहायच्या, मुलगी नातलगांकडे. शनिवार-रविवारी भेट. सगळ्या वसतिगृहात मुलगी एकटीच, त्यामुळे काही महिन्यांत त्यांना ते एकाकीपण जाणवू लागले. वडिलांनी मग आणखी मुलींना प्रवेश मिळावा यासाठी प्रयत्न केले. पुढच्या वर्षी लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया स्थापत्य शाखेत आल्या. (थ्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.) महायुद्धामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी कमी झाला आणि तिघी एकाच वर्षी पदवीधर झाल्या. पदवीच्या छापील प्रमाणपत्रात सर्वनाम पुल्लिंगी होते. ते खोडून हाताने स्त्रीलिंगी करावे लागले!

पदवीसोबत जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात वर्षभराची उमेदवारीही त्यांनी पूर्ण केली.

नोकरीचे गाव कसे ठरले?

पहिली नोकरी सिमल्याच्या केंद्रीय मानक संस्थेत. तिथे भावाचे कुटुंब होते, त्यामुळे मुलीची सोय झाली. १९४६ च्या अखेरीस ती सोडून त्या वडिलांना संशोधनात मदत करू लागल्या. विजेवर चालणारे वाद्य, धूर न करणारी चूल असे वडिलांचे प्रयोग सुरू होते. काम आवडीचे होते, पण घर चालवायचे तर पगार हवा. १९४८ मध्ये त्यांनी कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत नोकरी धरली. कलकत्त्यातही एक भाऊ राहत होताच.

इथे त्यांच्याकडे पारेषण वाहिन्यांचे आराखडे आणि उपकेंद्रांची मांडणी आली. दोन मनोऱ्यांत अंतर किती, तार उन्हाने तापून किती झोळ खाईल, बिघाड झालाच तर वीज कुठे तोडायची, असे हिशेब या कामात असतात. सतलजवरील भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत जनित्रांच्या कामातही त्यांचा सहभाग होता. कंपनीचे मालक बदलले, ललिता तिथेच राहिल्या. जवळपास तीन दशके.

न्यूयॉर्कपर्यंत कशा पोहोचल्या?

लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९५३ मध्ये त्यांना सहयोगी आणि १९६६ मध्ये पूर्ण सदस्यत्व दिले. दरम्यान १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंते व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ललिता वैयक्तिक पातळीवर तिथे गेल्या. पुढची परिषद १९६७ मध्ये केंब्रिजला झाली. तिला भारतातून पाच जणी जाव्यात यासाठी त्यांनीच खटपट केली.

१९७७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.