खराटा आणि संसार

शेंडगावचे झिंगराजी परीट दारूपायी गेले. शेती आधीच गेली होती. मागे राहिलेला देबूजी, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आई सखूबाईबरोबर मामांच्या घरी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आला; गुरे राखीत, नांगर धरीत वाढला.

त्या काळी पाहुण्यांना मटण-दारू घालणारा तो खरा पुरुष. कर्ज झाले तरी चालेल, भाऊबंदांत मान खाली जायला नको. मुलीच्या बारशाला देबूजींनी हे दोन्ही नाकारून गोड जेवण घातले. जातभाई चिडले.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती गाडगे आणि खराटा. झाडलोट म्हणजे बायकांचे, नाहीतर हलक्या मानलेल्या जातींचे काम. (आपल्या वसतिगृहातही झाडू धरणाऱ्याला हसणारे आहेतच!) गाडगेबाबा गावात शिरताच रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनात पुरुषांनाच प्रश्न विचारीत: कर्ज किती, दारू किती, पोरगं शाळेत जातं का. घरी बायकोला उत्तर न देणारा गडी तेथे चारचौघांत हसत कबुली देई.

परंतु घर सोडताना मागे आई, पत्नी कुंताबाई व लेकरे होती. तो संसार कोणी ओढला? कुंताबाई अशा एका रात्री निघून गेल्या असत्या, तर आपल्या वऱ्हाडाने त्यांना संत म्हटले असते काय? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे बाबांनी धर्मशाळा उभारल्या. घरच्यांचा मात्र कशावरही हक्क ठेवला नाही. लोकांच्या पैशाबद्दलची ही निष्ठा थोरच. पैशाबरोबर मायेचा वाटाही कापला गेला, असे मला वाटते.

१९२३ साली एकुलता मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, कीर्तन थांबले नाही. आपण हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून सांगतो. मर्दाने रडू नये, हा जुना दंडकही त्यात नसेल ना? कुंताबाईंनी तो दिवस कसा काढला, हे कोणी कीर्तनकार सांगत नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ, वलगावच्या पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. समाधी गाडगेनगरात आहे. आपल्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.