रॉबर्ट बॉश: ठिणगीची वेळ साधणारा माणूस, आणि मिलिटरी ट्रकचा ‘गेलेला’ ईसीयू

अमेरिकेत लष्कराचे जुने ट्रक लिलावात सामान्य लोकांना विकत मिळतात. त्यातला एफएमटीव्ही नावाचा ट्रक बराच लोकप्रिय आहे. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये साधं मेकॅनिकल डिझेल इंजिन होतं. पुढच्या ए-वन मॉडेलपासून कॅटरपिलरचं कॉम्प्युटरवालं इंजिन आलं, आणि तिथून एक ठरलेली तक्रार सुरू झाली. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. मग कुणीतरी सांगतं, ईसीयू गेला. मालक पैसे जमवून दुसरा ईसीयू आणतो, बसवतो, आणि ट्रक तरीही जागचा हलत नाही.

आपल्या लष्कराच्या जुन्या शक्तिमान ट्रकमध्ये हा डबा नव्हताच. किती डिझेल सोडायचं ते मेकॅनिकल पंप ठरवायचा. म्हणून डिस्पोजलचा शक्तिमान पान्यावर दुरुस्त व्हायचा. पण आज छत्रपती संभाजीनगरात वाळूजला माल उतरवणाऱ्या कुठल्याही बीएस-सिक्स ट्रकमध्ये ईसीयू आहे, आणि बीड बायपासच्या गॅरेजमध्येही तोच प्रश्न उभा राहतो: डबा खरंच गेला, की दुसरंच काही बिघडलंय?

याचं उत्तर शोधायचं तर आधी ईसीयू नेमकं काय काम करतो ते कळलं पाहिजे. आणि ते समजायला एका माणसाचं आयुष्य फार उपयोगी पडतं. त्याचं आडनाव तुम्ही ड्रिल मशीनवर, वायपरवर, स्पार्क प्लगच्या खोक्यावर वाचलं असेल: बॉश.

बारा भावंडांतला अकरावा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१चा. जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात वडिलांची शेती आणि प्रवाशांसाठी खाणावळ होती. रॉबर्ट बारा भावंडांतला अकरावा. शाळेनंतर तो बारीक यंत्रं बनवण्याचं काम शिकायला उमेदवारीवर लागला. कॉलेजची पदवी त्याने कधी घेतली नाही. स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयात थोडे महिने तो बसला, तेवढंच. बाकीचं शिक्षण नोकऱ्या बदलत झालं. न्यूयॉर्कला एडिसनच्या कंपनीत काम केलं, इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे केलं.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी पंचविशीतल्या बॉश यांनी स्टुटगार्टला स्वतःचं वर्कशॉप उघडलं. हाताखाली एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसवणं, विजेच्या घंटा दुरुस्त करणं, मिळेल ते काम. सुरुवातीची वर्षं पैशांच्या ओढाताणीतच गेली. पुढे गिऱ्हाइकांकडे जायला त्यांनी सायकल घेतली. त्या काळी सायकल ही नवलाईची चीज होती.

सगळा खेळ वेळेचा

१८८७मध्ये एका गिऱ्हाइकाला जागेवर बसवलेल्या गॅस इंजिनसाठी मॅग्नेटो हवा होता. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. लोहचुंबकाजवळ तारेचं वेटोळं हललं की त्यात वीज तयार होते, आणि त्या विजेने सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. ड्यॉइट्झ कंपनीचा असा मॅग्नेटो आधीपासून होता. बॉश यांनी तो पाहिला आणि त्यात सुधारणा करून आपला बनवला.

जागेवरचं इंजिन हळू फिरायचं, त्यामुळे तिथे हा मॅग्नेटो चालून गेला. गाडीचं इंजिन मात्र भराभर फिरतं. ठिणगी सेकंदाच्या अगदी छोट्या भागाने जरी मागेपुढे झाली, तरी इंजिन ठोके देतं, तापतं किंवा बंद पडतं. १८९७मध्ये बॉश यांच्या वर्कशॉपने द दिऑं-बूताँच्या तीनचाकीवर मॅग्नेटो चालवून दाखवला. त्यात वेटोळ्याचा जड भाग हलवण्याऐवजी भोवतीची हलकी नळी हलेल अशी रचना केली होती. कमी वजन हलवायचं, म्हणून वेग जास्त. १९०२च्या सुमारास त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग तयार केला. पेट्रोल इंजिनांचा मोठा अडथळा तिथे दूर झाला.

१९०६मध्ये कंपनीचा एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

इथेच आपल्या ट्रकचा पहिला धडा आहे. मॅग्नेटो जे काम चुंबक आणि तारेने करायचा, तेच ईसीयू आज प्रोसेसरने करतो. योग्य क्षण ओळखायचा आणि त्या क्षणी हुकूम सोडायचा. क्षण ओळखण्यासाठी त्याला क्रँक सेन्सर सांगतो की इंजिन कुठपर्यंत फिरलंय. तो सेन्सर गप्प बसला, तर चांगला ईसीयूही डिझेल सोडत नाही. डबा ठणठणीत असतो, फक्त त्याला बातमी पोचत नाही.

विकलं ते दुरुस्तही झालं पाहिजे

१९१३पर्यंत कंपनीचा बहुतेक माल जर्मनीबाहेर विकला जात होता. मग पहिलं महायुद्ध झालं. अमेरिकेतली बॉशची कंपनी तिथल्या सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेऊन विकून टाकली. परदेशातला धंदा नव्याने उभा करावा लागला. घरातही दुःख आलं. मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर १९२१मध्ये वारला.

त्याच १९२१मध्ये हॅम्बुर्गला पहिलं बॉश सर्व्हिस सेंटर सुरू झालं. गाडीतली विजेची यंत्रं वाढत होती, पण ती तपासू शकणारे मेकॅनिक नव्हते. यंत्र विकायचं तर ते दुरुस्त करणारे हातही तयार करावे लागतात, हा त्यामागचा विचार. १९२२मध्ये कोलकात्याला कंपनीची विक्री एजन्सी आली. स्वातंत्र्यानंतर बंगळुरूला मायको कंपनी उभी राहिली आणि पुढे नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना झाला. नाशिकमधलं मायको सर्कल हे नाव तिथूनच आलं.

डिझेल, ट्रक आणि युद्ध

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत डिझेल स्वतः पेट घेतं. म्हणजे वेळ साधायची ती डिझेल सोडण्याची. त्यासाठी प्रचंड दाबाने, थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारा पंप लागतो. बॉश यांनी १९२२मध्ये त्यावर काम सुरू करवलं आणि १९२७च्या अखेरीस ट्रकसाठीचे पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. डिझेल ट्रक रस्त्यावर रुळला तो अशा पंपांमुळे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराची वाहनं आणि विमानं बॉशच्या मालावर चालत होती, आणि कंपनीच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते. बॉश स्वतः हिटलरच्या विरोधात होते. त्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोएर्डलर यांना कंपनीत आसरा दिला. तरी कारखान्यातून लष्कराला जाणारा माल थांबला नाही. १२ मार्च १९४२ रोजी, युद्ध चालू असतानाच, ते वारले. त्यांच्या इच्छेला धरून कंपनीचे ९० टक्क्यांहून जास्त शेअर्स आज एका धर्मादाय संस्थेकडे आहेत.

पंपाचा कॉम्प्युटर झाला

बॉश यांनी कॉम्प्युटर पाहिला नाही. पण १९६७मध्ये त्यांच्या कंपनीने पेट्रोलचं माप ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बाजारात आणली. १९७९मध्ये ठिणगी आणि इंधन दोन्ही सांभाळणारा एकच डबा आला. १९८६मध्ये कंपनीने कॅन बस जाहीर केली, म्हणजे गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना आपसात बोलायला फक्त दोन तारा. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१पासून बनू लागलेल्या ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआय इंजिनात ईसीयू बॉशचाच होता.

मग ट्रक बंद पडला तर?

ईसीयू सहसा सगळ्यात शेवटी बिघडतो. त्याच्याकडे येणारी वीज आणि बातमी आधी बिघडते. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मिलिटरी ट्रकमध्ये तर हे हमखास होतं. उंदीर वायर कुरतडतात, कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा:

१. बॅटरी. मिलिटरी ट्रक २४ व्होल्टचा असतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. उभ्या गाडीचं रीडिंग बघून खूश होऊ नका. सेल्फ मारताना मीटर लावा. व्होल्टेज फार खाली गेलं तर ईसीयू मध्येच बंद होऊन परत सुरू होतो, फोनची बॅटरी संपत आल्यावर होतं तसं.

२. अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून घासा किंवा बदला. हे काम काही रुपयांत होतं.

३. फ्यूज, रिले, कपलर. ईसीयूपर्यंत वीज पोचतेय का ते बघा. कपलर उघडून पिना तपासा. ओढून वायर काढू नका.

४. कोड आणि सेन्सर. स्कॅनर लावून कोड वाचा, फोटो काढून ठेवा, मगच पुसा. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. त्याची वायर तुटली तरी तोच कोड येतो.

५. कॅन बस. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा संपर्क तुटलाय.

हे पाचही नीट असतील, तेव्हाच डब्यावर संशय घ्या. आणि एक काळजी आधीपासून घ्या: बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीयूचे कपलर आधी काढा. चांगले ईसीयू वेल्डिंगच्या करंटने मेलेले असतात.

हा क्रम कळला नाही तर नुकसान फक्त मालकाचं होत नाही. डबा बदलूनही ट्रक चालला नाही की गिऱ्हाईक शोरूमकडे वळतं आणि शेजारचं गॅरेज ओस पडतं. शंभर वर्षांपूर्वी हॅम्बुर्गला जी अडचण होती तीच आज आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांसमोर आहे. पाना हातात आहेच, आता मल्टीमीटर आणि स्कॅनरही हवा.

पुढच्या वेळी बॉशचं खोकं दिसलं तर लोगो नीट बघा. वर्तुळातलं ते चिन्ह म्हणजे मॅग्नेटोच्या आतला वेटोळ्याचा भाग आहे. अर्धा लोगो चुंबकाशेजारी फिरणाऱ्या तारेचा, आणि आजची कंपनी तुमच्या-आमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारे सेन्सरही बनवते. काम तेच राहिलं: काय घडतंय ते अचूक मोजायचं, मग हुकूम सोडायचा. गाडी दुरुस्त करतानाही आधी मोजा, मग पार्ट बदला.